इ. स. पू. २०६ : एका वर्षाचा आडवा छेद

इतिहास वाचण्याची आपली नेहमींची रीत उभी आहे. रोमचा इतिहास हातीं घेतला म्हणजे त्या नगराच्या स्थापनेपासून निघावयाचें आणि शेवटच्या बादशहापाशीं थांबावयाचें. तो संपला म्हणजे ग्रीसचा, मग इराणचा, आणि सवड राहिलीच तर चीनचा. हिंदुस्थानचा इतिहासहि आपण असाच, मौर्यांमागून शुंग आणि शुंगांमागून काण्व, अशा ओळीनें वाचतों. ह्या रीतीचे फायदे उघड आहेत. परंतु एकाच दिवशीं एकच सूर्य ज्या निरनिराळ्या रणांगणांवर उगवला, तीं रणांगणें तिच्यामुळें वाचकाच्या मनांत कधीं शेजारीं शेजारीं येत नाहींत. प्रस्तुत लेखकाला पुष्कळ दिवसांची एक खोड आहे. निरनिराळ्या देशांच्या सनावळ्या एका कागदावर मांडावयाच्या, एखाद्या वर्षावर आडवी रेघ ओढावयाची, आणि त्या रेघेखालीं काय काय सांपडतें तें पाहावयाचें. बहुतेक वर्षें निराशा करितात. एखादा राजा मेलेला असतो, एखादें शहर बसलेलें असतें, आणि दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नसतो. इ. स. पू. २०६ ह्या वर्षावर रेघ पडली तेव्हां मात्र कागद पुष्कळ वेळ खालीं ठेववला नाहीं.

ह्या एका वर्षांत एक ग्रीक राजा हिंदुकुश ओलांडून हिंदुस्थानच्या दारांत उभा होता. एक तरुण रोमन सेनापति स्पेनमधून कार्थेजची सत्ता उखडून टाकीत होता. आणि चीनमध्यें पहिलें साम्राज्य धुळीला मिळून दुसऱ्याचा पाया पडत होता. त्या वर्षीं सर्व जग हिंडून आलेल्या एखाद्या प्रवाशाला, सर्वांत थोर पुरुष कोण, असें विचारलें असतें, तर पश्चिमेकडच्या माणसांत त्यानें अँटायोकसाचें नांव घेतलें असतें आणि पूर्वेकडच्यांत श्यांग यूचें. त्या दिवसापुरतें त्याचें उत्तर बरोबरच ठरलें असतें.

कालगणनेसंबंधीं एक खुलासा येथेंच करून टाकतों. चिनी पंचांगाचें वर्ष त्या काळीं दहाव्या महिन्यापासून सुरू होई. त्यामुळें चिनी इतिहासकार ज्याला हान घराण्याचें पहिलें वर्ष म्हणतात, त्याचे आरंभींचे दिवस आपल्या हिशेबानें इ. स. पू. २०७ च्या अखेरीस पडतात. इलिपाची लढाईहि कांहीं विद्वान् एक वर्ष आधींची मानतात. परंतु दोन हजार दोनशें वर्षांच्या अंतरावरून पाहतांना एवढ्या फरकानें रेघ वांकडी होत नाहीं.

प्रथम अँटायोकस. अलेक्झांडरचा सेनापति जो सेल्यूकस, त्याचा हा खापरपणतू. इ. स. पू. २२३ त तो गादीवर आला तेव्हां पूर्वजांचें साम्राज्य नांवापुरतें उरलें होतें. पूर्वेकडील प्रांत कधींच सुटून गेले होते, खुद्द आशिया मायनरमध्यें एक आप्तच राजा म्हणवूं लागला होता, आणि इ. स. पू. २१७ त राफिया येथें ईजिप्तच्या टॉलेमीनें त्याला सपशेल हरविलें होतें. अशा स्थितींतून ह्या माणसानें डोकें वर काढलें. आप्ताचा निकाल लावून इ. स. पू. २१२ च्या सुमारास तो पूर्वेकडे वळला. आर्मेनियाच्या राजाला त्यानें नमविलें, पार्थियांत घुसून तेथील राजाला तह करावयास लाविलें, आणि इ. स. पू. २०८ त तो बॅक्ट्रियावर, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतल्या बाल्हीक देशावर, चालून गेला. आरिअस नदीच्या, म्हणजे सध्यांच्या हरिरुदच्या, कांठीं झालेल्या चकमकींत त्याचा घोडा ठार झाला, त्याच्या तोंडावर घाव बसला आणि कांहीं दांत पडले. पॉलिबिअस सांगतो कीं, शौर्याविषयीं त्याची कीर्ति झाली ती विशेषतः ह्या प्रसंगामुळें. राजानें स्वतः आघाडीला राहून दांत पाडून घ्यावे हें सेनापतित्वाच्या दृष्टीनें शहाणपणाचें होतें कीं नाहीं हा प्रश्न वेगळा.

बॅक्ट्रियाचा राजा युथिडेमस हाहि ग्रीकच, मॅग्नेशिया गांवचा. तो राजधानीच्या तटाआड जाऊन बसला, आणि वेढा सुमारें दोन वर्षें चालला. शेवटीं दोन्ही पक्ष थकले तेव्हां युथिडेमसानें जो युक्तिवाद केला, तो राजकारणाच्या विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्याचें म्हणणें असें : बंड मीं केलें नाहीं, ज्यांनीं केलें त्यांच्या वंशजांना मारूनच मीं हें राज्य घेतलें. शिवाय उत्तरेच्या सरहद्दीवर भटक्या लोकांच्या टोळ्या जमल्या आहेत. आपण दोघे असेच भांडत राहिलों तर त्या आंत शिरतील, आणि सर्व देश पुन्हां रानटी होऊन जाईल. अँटायोकसाला हें पटलें; निदान पटल्याचें दाखविणें सोयीचें वाटलें. तहाच्या बोलण्याकरितां युथिडेमसाचा मुलगा डिमिट्रिअस आला. त्याचें रूप आणि वागणें पाहून राजा इतका खूष झाला कीं, त्यानें त्याला आपली एक मुलगी देऊं केली. युथिडेमसाची राजपदवी कायम झाली, आणि त्याच्याजवळचे हत्ती अँटायोकसाला मिळाले.

हत्ती घेऊन अँटायोकसानें हिंदुकुश ओलांडला आणि तो काबूलच्या खोऱ्याकडे उतरला. तेथें त्याची गांठ एका हिंदी राजाशीं पडली. ग्रीक लेखणीनें त्याचें नांव सोफागासेनस असें लिहिलें आहे, आणि तें सुभागसेन असावें ह्याविषयीं फारसा वाद नाहीं. हा मौर्य घराण्यांतला कीं मौर्यांची सत्ता ढिली झाल्यावर स्वतंत्र झालेला कोणी सरदार, ह्याविषयीं पुष्कळ तर्क झाले आहेत. पॉलिबिअसानें मात्र एक शब्द मोलाचा वापरला आहे. अँटायोकसानें त्याच्याशीं स्नेह केला असें न म्हणतां स्नेहाचें नूतनीकरण केलें, असें तो म्हणतो. म्हणजे जुन्या संबंधाची आठवण दोन्हींकडे जागी होती. सेल्यूकसानें चंद्रगुप्ताशीं तह करून पांचशें हत्ती घेतले होते. आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत ज्या अंतियोक नामक यवनराजाचा उल्लेख येतो, तो बहुधा ह्या अँटायोकसाचा आजोबा. सुभागसेनानें आणखी हत्ती दिले, सैन्याला धान्य पुरविलें आणि द्रव्यहि कबूल केलें. हत्तींची संख्या आतां दीडशें झाली. द्रव्य मागाहून घेऊन येण्याकरितां अँड्रॉस्थेनिस नांवाच्या अधिकाऱ्याला मागें ठेवून राजा अराकोशियाच्या वाटेनें पश्चिमेला परतला. ह्याच अराकोशियांत, कंदाहारजवळच्या खडकावर, अशोकानें सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं ग्रीक आणि अरामी भाषांत आपला धर्मलेख कोरविला होता.

सुभागसेनाविषयीं आपल्याकडील एकाहि ग्रंथांत अक्षर नाहीं. पुराणांतील मौर्यांच्या यादींत तो नाहीं. परक्या इतिहासकाराच्या एका वाक्यांत येऊन हा राजा पुन्हां अंधारांत जातो. आपल्या इतिहासलेखनाविषयीं ह्याहून बोचरें वाक्य दुसरें कोणतें असेल असें वाटत नाहीं, आणि तें लिहिणाऱ्याच्या मनांत आपल्याला बोचावें असें मुळींच नव्हतें.

अँटायोकस परत आला तो ‘महान्’ ही पदवी घेऊनच. दुसरा अलेक्झांडर म्हणून ग्रीक जगाचे डोळे त्याच्याकडे लागले. परंतु त्याच्या हातांत काय आलें तें मोजून पाहिलें तर आर्मेनिया, पार्थिया आणि बॅक्ट्रिया येथील राजे आपापल्या जागींच राहिले. त्यांनीं मान लवविली, आणि सैन्याची पाठ फिरल्यावर मान वर करावयाला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. ज्या डिमिट्रिअसाच्या रूपावर अँटायोकस भाळला, त्याचेंच सैन्य पुढें हिंदुकुश उतरून हिंदुस्थानांत शिरलें. यवनांनीं साकेताला आणि माध्यमिकेला वेढा घातल्याचे जे दाखले पतंजलीनें महाभाष्यांत व्याकरणाच्या उदाहरणांसाठीं घेतले आहेत, ते ह्याच परंपरेंतील स्वाऱ्यांचे. घरीं आणलेली ठोस वस्तु म्हणाल तर दीडशें हत्ती.

आतां ह्याच वर्षीं जगाच्या पश्चिम टोकाला काय चाललें होतें तें पाहूं. हानिबाल इटलींत शिरून बारा वर्षें झालीं होतीं. त्याच्या मदतीला येणारा त्याचा भाऊ हास्ड्रूबल आदल्या वर्षीं मेटॉरस नदीवर मारला गेला, आणि रोमनांनीं त्याचें मुंडकें हानिबालच्या छावणीपुढें फेंकून दिलें. हानिबाल इटलीच्या दक्षिण टोकाशीं दबून बसला होता. तरी तो तेथें होता आणि कोणाला त्याला हलवितां येत नव्हतें. कार्थेजला पैसा आणि शिपाई पुरवीत होता तो स्पेन. तेथें पब्लिअस कॉर्नेलिअस सिपिओ हा जेमतेम तिशींतला सेनापति रोमच्या बाजूनें लढत होता. त्याचा बाप आणि चुलता दोघेहि ह्याच स्पेनमध्यें पडले होते.

सध्यांच्या सेव्हिल शहराजवळ इलिपा येथें त्याची गांठ गिस्कोचा मुलगा हास्ड्रूबल (हानिबालचा भाऊ तो हा नव्हे) आणि हानिबालचा धाकटा भाऊ मागो ह्यांच्याशीं पडली. पॉलिबिअसाच्या आंकड्यांप्रमाणें कार्थेजकडे सत्तर हजार पायदळ, चार हजार घोडेस्वार आणि बत्तीस हत्ती होते. सिपिओकडे पंचेचाळीस हजार पायदळ आणि तीन हजार स्वार. शिवाय सिपिओच्या सैन्यांत पुष्कळसे स्पॅनिश लोक होते, आणि त्यांच्या दगाबाजीनेंच त्याच्या बापाचा घात झाला होता. कित्येक दिवस रोज दिवस बराच वर आल्यावर दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं राहत आणि न लढतां परत जात. सिपिओ रोज रोमन पलटणी मध्यें आणि स्पॅनिश दोन्ही बाजूंना ठेवी. शत्रूचे डोळे ह्या रचनेला सरावल्यावर एके दिवशीं त्यानें पहांटेपूर्वींच शिपायांना जेवूं घातलें, सूर्य उगवतांच घोडेस्वार शत्रूच्या छावणीवर सोडले, आणि रचना उलटी केली : स्पॅनिश मध्यें, रोमन बाजूंना. हास्ड्रूबलचे लोक उपाशीपोटीं धांवत बाहेर आले. सिपिओनें दिवस चढेपर्यंत त्यांना नुसतें उन्हांत उभें केलें. मग बाजू पुढें घालून त्यांच्या कमकुवत टोकांवर हल्ला चढविला. कार्थेजची मधली फळी, जी सर्वांत कसलेली, तिला लढावयास मिळालेंच नाहीं. हत्ती भाल्यांच्या माऱ्यानें बिथरले आणि त्यांनीं दोन्हींकडच्या लोकांना सारखेंच तुडविलें. एकाएकीं मोठा पाऊस आला म्हणूनच छावणी त्या दिवशीं वांचली. परंतु स्पेन गेला तो गेलाच.

लढाईपेक्षां तिच्यामागून सिपिओनें जें केलें तें आम्हांला अधिक विचार करण्यासारखें वाटतें. स्पेन जिंकून तो थांबला नाहीं. त्याचे डोळे आफ्रिकेकडे होते, आणि तेथें जावयाचें तर न्युमिडियाचे घोडेस्वार पाहिजेत. त्यांच्या एका राजाला, सिफाक्सला, भेटावयाला तो फक्त दोन जहाजें घेऊन समुद्र ओलांडून गेला. बंदराच्या तोंडाशीं येतो तों आंत सात कार्थेजी गलबतें उभीं! त्यांतून पळून आलेला हास्ड्रूबल नुकताच उतरला होता. वाऱ्याची एक झुळूक आली म्हणून रोमन जहाजें गलबतांनीं नांगर उचलण्यापूर्वीं बंदरांत शिरलीं, आणि बंदरांत आल्यावर यजमानाच्या मर्यादेमुळें कोणाला हात उगारतां येईना. त्या रात्रीं सिफाक्सनें दोघांना आपल्या पंक्तीला बोलाविलें, आणि कांहीं आठवड्यांपूर्वीं एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे एकाच आसनावर टेकून जेवले. हास्ड्रूबलनें मागाहून म्हटल्याचें सांगतात कीं, हा मनुष्य रणांगणापेक्षां बोलतांना अधिक भयंकर वाटतो. गंमत अशी कीं, सिफाक्सची मैत्री सिपिओच्या हातांत टिकली नाहीं. हास्ड्रूबलनें आपली मुलगी सोफोनिस्बा त्याला देऊन त्याला आपल्याकडे ओढलें. परंतु ह्याच वर्षीं सिपिओनें दुसऱ्या एका न्युमिडियन राजपुत्राची, मासिनिसाची, गुप्त भेट घेतली. त्याचा एक पुतण्या पूर्वीं रोमनांच्या हातीं सांपडला असतां सिपिओनें त्याला देणग्या देऊन सोडून दिलें होतें. ती आठवण मासिनिसानें ठेविली होती. ही मैत्री टिकली.

मधल्या देशांतील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. ग्रीसमध्यें मॅसिडोनियाचा राजा पांचवा फिलिप आणि ईटोलियन संघ ह्यांची लढाई चालू होती. रोमनांनीं भरीला घालून ऐन वेळीं मदत न पाठविल्यामुळें ईटोलियनांनीं ह्या वर्षीं कंटाळून परस्पर तह केला. ईजिप्तांत मात्र अधिक खोल कांहीं घडत होतें. राफियाच्या लढाईसाठीं टॉलेमीनें वीस हजार देशी लोकांना ग्रीक पद्धतीची शस्त्रें देऊन शिकविलें होतें. लढाई जिंकली, परंतु शस्त्र धरलेला हात पुन्हां पूर्वीसारखा जोडला जात नाहीं. एडफू येथें होरस देवाचें प्रचंड मंदिर बांधलें जात होतें. त्याच्या भिंतीवरच्या लेखांत नोंद आहे कीं, टॉलेमीच्या सोळाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. २०७–२०६ त, दक्षिणेंत बंड झालें आणि मंदिराचें काम बंद पडलें. पुढच्याच सालीं थीब्ज येथें होर्वेन्नेफर नांवाचा देशी फेरो गादीवर बसला, आणि सुमारें वीस वर्षें वरचा ईजिप्त ग्रीकांच्या हातांत नीट राहिला नाहीं. एका गवंड्याचा हात भिंतीवर थबकला, एवढ्यावरून हें वर्ष ईजिप्तला कळतें.

चीनची गोष्ट सांगण्यापूर्वीं पॉलिबिअसाची एक कल्पना सांगितली पाहिजे. तो म्हणतो कीं, पूर्वीं जगाचा इतिहास तुकड्यांतुकड्यांचा होता. परंतु हानिबालच्या युद्धाच्या सुमारापासून इटली, आफ्रिका, ग्रीस आणि आशिया येथील घडामोडी एकमेकींत गुंतल्या आणि इतिहास एका देहासारखा झाला. कल्पना भव्य आहे. परंतु त्याचा आशिया हिंदुकुशापाशीं संपत होता, आणि त्या डोंगरांपलीकडे एवढा थोरला देह आणखी पसरला आहे ह्याची त्याला दादच नव्हती.

छिन घराण्याच्या पहिल्या सम्राटानें इ. स. पू. २२१ त सर्व चीन एका छत्राखालीं आणला. कायदे कडक, वेठ भारी, इ. स. पू. २१० त तो मेला आणि दुसऱ्याच वर्षीं बंडाचा वणवा पेटला. त्या वणव्यांतून दोन पुरुष पुढें आले. श्यांग यू हा चू देशच्या सेनापतींच्या कुळांतला, पंचविशीच्या आंतबाहेरचा, अंगानें राक्षसासारखा बळकट. च्यू-लूच्या लढाईपूर्वीं त्यानें नदी ओलांडून होड्या बुडविल्या, स्वयंपाकाचीं भांडीं फोडलीं आणि शिपायांजवळ फक्त तीन दिवसांची शिधासामुग्री ठेविली. छिनची मोठी फौज त्यानें तेथें फोडली आणि उरलेली पुढें शरण आली. मग शरण आलेल्या दोन लाख शिपायांना त्यानें एका रात्रींत मारून पुरलें. दुसरा लिउ बांग, वयानें बराच मोठा, शेतकऱ्याच्या घरचा, एका ठाण्यावरचा किरकोळ अंमलदार. मद्याचा शोकी, पढिकांची थट्टा करणारा. ह्याच्या बरोबर त्याच्याच तालुक्यांतला एक कारकून होता, श्याओ ह.

चू राजानें वचन दिलें होतें कीं, छिनच्या मुख्य प्रांतांत जो आधीं शिरेल तो तेथला राजा. श्यांग यू लढण्यांत गुंतला असतां लिउ बांग दक्षिणेच्या खिंडींतून आधीं पोहोंचला. छिनचा शेवटचा राजा गळ्यांत दोरी अडकवून, पांढऱ्या घोड्यांच्या साध्या रथांतून, राजमुद्रा हातांत घेऊन रस्त्याच्या कडेला शरण आला. लिउ बांगनें त्याला मारलें नाहीं. राजधानी श्येनयांग उघडी पडतांच सरदार कोठारांकडे धांवले आणि सोनेंरेशीम वांटून घेऊं लागले. श्याओ ह एकटा प्रधानांच्या कचेरींत गेला, आणि छिन सरकारचे कायदे, नकाशे आणि खानेसुमारीचीं दफ्तरें उचलून घेऊन आला. कोणत्या घाटांत किती वस्ती, कोठली खिंड बळकट, कोठें धान्य पिकतें, कोठली रयत कशानें गांजली आहे, हें सर्व त्यांत होतें. लिउ बांगनें जुने कायदे रद्द करून लोकांना तीनच कलमें दिलीं : खून करील त्याला देहान्त, जखम करील त्याला आणि चोरी करील त्याला योग्य ती शिक्षा. लोकांनीं मांसमद्य आणून दिलें तें त्यानें परत केलें.

एवढ्यांत चार लाख सैन्य घेऊन श्यांग यू येऊन ठेपला. लिउ बांगजवळ एक लाख होतें. होंगमेन येथील छावणींत क्षमा मागावयाला लिउ बांग थोडे स्वार घेऊन गेला. मेजवानी चालू असतां श्यांग यूचा वृद्ध मंत्री फान त्सेंग कमरेचें रत्नवलय तीन वेळां उचलून ‘आतां मारा’ अशी खूण करी. श्यांग यू गप्प राही. मग एका नातलगाला तलवारीचा नाच करण्याच्या मिषानें पुढें केलें. तों श्यांग यूचाच चुलता उठून नाचूं लागला आणि आपल्या अंगानें पाहुण्याला झांकूं लागला. लिउ बांगचा फान ख्वाय नांवाचा सोबती पहारेकऱ्यांना लोटून आंत शिरला, ढालीवर कच्चें डुकराचें मांस ठेवून तलवारीनें कापून खाल्लें, आणि यजमानाला चार खडे बोल सुनावले. ह्या गोंधळांत लिउ बांग बहिर्दिशेचें निमित्त काढून उठला आणि आडवाटेनें आपली छावणी गांठली. म्हाताऱ्या मंत्र्यानें भेट आलेलें रत्नपात्र तलवारीनें फोडलें. हा सर्व प्रसंग सुमारें शंभर वर्षांनीं सिमा च्येननें लिहिला. त्यांत नाटक किती आणि इतिहास किती हें सांगणें कठीण, परंतु चिनी रंगभूमीला त्यानें पिढ्यान्पिढ्या पोसलें आहे.

कांहीं दिवसांनीं श्यांग यू श्येनयांगमध्यें शिरला. शरण आलेल्या राजाला त्यानें ठार केलें, खजिना आणि स्त्रिया बरोबर घेतल्या, आणि राजवाड्यांना आग लाविली. ती तीन महिने विझली नाहीं असें सिमा च्येन म्हणतो. (आफांगचा प्रख्यात महाल ह्यांतच जळाला अशी समजूत होती, अलीकडच्या उत्खननांत तो कधीं पुरा बांधलाच गेला नव्हता असें दिसून आलें आहे.) ही भूमि सुपीक आहे, चारीं बाजूंनीं खिंडींनीं राखलेली आहे, येथेंच राजधानी करा, असें कोणी सुचविलें. श्यांग यूला घर आठवत होतें. वैभव मिळवून गांवीं न जाणें म्हणजे जरीचा पोशाख घालून अंधारांत फिरण्यासारखें, असें त्याचें उत्तर. सल्लागारानें मागें जाऊन, चूच्या लोकांना टोपी घातलेल्या माकडाची उपमा देतात ती खरी, असें म्हटलें; तें कानावर येतांच श्यांग यूनें त्याला उकळत्या कढईंत टाकविलें. मग त्यानें चीनचीं अठरा राज्यें करून वांटलीं. लिउ बांगला डोंगरांपलीकडचा हान प्रांत दिला. लिउ बांगनें मुकाट्यानें जातांना कड्यांवरचे लांकडी पूल आपल्यामागें जाळले, म्हणजे परत येण्याचा त्याचा बेत नाहीं असें वाटावें. आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत, दुसऱ्या वाटेनें, तो परत आला. चार वर्षांचें युद्ध सुरू झालें.

त्या युद्धांत लिउ बांग वारंवार हरला. श्यांग यू जवळ जवळ प्रत्येक लढाई जिंकला. परंतु प्रत्येक पराभवानंतर लिउ बांगला ताजे शिपाई आणि धान्य मिळत गेलें, कारण श्याओ ह पाठीमागें बसून दफ्तरांवरून हिशेब करून तें पाठवीत होता. इ. स. पू. २०२ च्या आरंभीं गायश्या येथें श्यांग यूचा शेवट झाला आणि लिउ बांग सम्राट् झाला. त्याच सालाच्या शेवटीं सहस्रावधि मैलांवर झामा येथें सिपिओनें हानिबालला हरविलें. तेथें हानिबालजवळ ऐंशींवर हत्ती होते. सिपिओनें फळींत मोकळ्या गल्ल्या ठेवून त्यांना मधून निघून जाऊं दिलें, आणि ऐन वेळीं मासिनिसाचे घोडेस्वार शत्रूच्या पाठीवर आले. स्पेनच्या किनाऱ्यावर गुपचूप झालेल्या एका भेटीचें फळ चार वर्षांनीं असें पिकलें.

चीनमधल्या ह्या भाऊबंदकीचा एक परिणाम मात्र त्या वेळीं कोणाला दिसला नाहीं. उत्तरेच्या गवताळ प्रदेशांत इ. स. पू. २०९ त माओ-तुन नांवाच्या पुरुषानें श्युंगनू टोळ्यांचें नायकत्व मिळविलें होतें. चीन आपसांत लढून थकत असतां तो बलाढ्य झाला. इ. स. पू. २०० त त्यानें खुद्द लिउ बांगला सात दिवस कोंडून ठेविलें. त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या माऱ्यानें युए-ची लोक पश्चिमेला हटले; हटत हटत ते बॅक्ट्रियाच्या दारीं आले, आणि युथिडेमसानें ज्या संकटाचें भय घातलें होतें तें त्याच्या राज्यावर खरोखरच येऊन आदळलें. इ. स. पू. १२८ च्या सुमारास हान दरबाराचा वकील चांग छ्येन तेथें पोहोंचला तेव्हां ग्रीक सत्ता संपली होती. तेथल्या बाजारांत त्याला चीनच्याच नैऋत्य प्रांतांतलें कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या. कोठून आल्या म्हणून विचारतां व्यापाऱ्यांनीं सांगितलें : हिंदुस्थानांतून. ह्याच युए-चींतून पुढें कुशाण निघाले आणि ते आपल्या इतिहासांत आले. पॉलिबिअसाचा देह त्याला वाटला त्याहून मोठा होता. त्याच्या शिरा त्याला दिसल्या नाहींत एवढेंच.

सम्राट् झाल्यावर लिउ बांगनें इनामें वांटलीं तेव्हां पहिला मान श्याओ हला दिला. सरदार चिडले. आम्हीं शंभर शंभर लढाया लढलों, अंगावर जखमा वागवितों. ह्यानें कधीं घोड्याला घाम आणला नाहीं, नुसती लेखणी चालविली, आणि हा आमच्या वर कसा? लिउ बांगनें त्यांना शिकारीचा दृष्टान्त दिला : सशामागें धांवतो तो कुत्रा, पण ससा कोठें आहे तें दाखवितो तो पारधी, तुमचें काम कुत्र्याचें, त्याचें पारध्याचें. सरदारांना हें आवडलें असेल असें वाटत नाहीं. परंतु घरें आणि माणसें मोजण्याची जी संवय त्या दफ्तरांतून हान सरकारला लागली, ती टिकली, इ. स. २ सालची खानेसुमारी पांच कोटि पंचाण्णव लक्ष माणसांची आहे, आणि इतक्या जुन्या काळची एवढी मोठी शिरगणती दुसऱ्या कोणत्याहि देशाजवळ उरलेली नाहीं.

आणि अँटायोकस? त्यानें इ. स. पू. २०० त पॅनिअम येथें ईजिप्तचा पराभव करून राफियाचा सूड घेतला, आणि मग तो रोमच्या वाटेस गेला. त्याच्या आश्रयाला आलेला हानिबाल जवळ असतांहि त्याचा सल्ला त्यानें पुरता ऐकला नाहीं. इ. स. पू. १९० च्या अखेरीस मॅग्नेशिया येथें (युथिडेमसाचें गांव ह्याच नांवाचें होतें, तें हेंच कीं दुसरें, हा वाद आहे) रोमन सैन्याशीं त्याची गांठ पडली. सेनापति ल्युशिअस सिपिओ, आणि त्याच्याबरोबर त्याचा सल्लागार म्हणून आलेला भाऊ तोच, इलिपाचा. अँटायोकसाच्या फळींत चौपन्न हत्ती होते. फळी फुटली तेव्हां तेच बिथरून त्याच्या लोकांत घुसले. दोन वर्षांनीं अपामीयाचा तह झाला. त्यांत पंधरा हजार टॅलंट दंड, आशिया मायनर सोडून देणें, आणि हत्ती सर्व स्वाधीन करून पुन्हां न बाळगणें, अशीं कलमें होतीं. दंडाच्या पैशाकरितां ईलिमाइस येथलें एक देऊळ लुटावयाला गेला असतां इ. स. पू. १८७ त ‘महान्’ अँटायोकस तेथल्या लोकांच्या हातून मारला गेला.

हत्ती रोमन सेनापति मॅन्लिअस ह्याच्या ताब्यांत आले. एवढीं जनावरें समुद्रापार नेऊन पोसावयाचीं कोणी, म्हणून असेल किंवा दोस्ताला खूष करावें म्हणून असेल, त्यानें तीं सर्व पर्गममच्या युमिनिस राजाला देऊन टाकलीं. सुभागसेनाच्या पिलखान्यांतून निघालेल्यांपैकीं जे कोणी तोंवर जिवंत होते, ते आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका परक्या राजाच्या दारांत, झुलत राहिले.